घाटाचा का माळाचा

मंगळवार पेठेतल्या त्या गल्लीत मी बिऱ्हाड आणलं त्या दिवशीची गोष्ट. सामान अजून टांग्यातच होतं. एका हातात स्टोव्ह आणि दुसऱ्या हातात पाण्याचा तांब्या घेऊन मी उंबऱ्यात उभा होतो. तेवढ्यात समोरच्या घरातून एक उंच, वाळका गृहस्थ आला. धोतर, वर काळा कोट, काळी टोपी आणि कपाळावर सरकवलेला चष्मा. नाव नाही, गाव नाही, "या पावणं" नाही. त्याने माझ्या हातातला तांब्या काढून खाली ठेवला आणि मोकळ्या झालेल्या हातात एक फोटो दिला.

"घाटाचा का माळाचा?"

मी फोटो बघितला. नांगरलेलं रान होतं. मधोमध एक ढेकूळ होतं.

"ढेकूळ आहे," मी म्हणालो.

"ढेकूळ मागं हाय. त्येच्या म्होरं बगा."

ढेकळाच्या पुढे जरा लहान असं आणखी एक ढेकूळ होतं. मी तसं सांगितलं. गृहस्थाने चष्मा नाकावर आणला, फोटो बघितला, मग मला बघितलं आणि घरात कोणी आजारी असावं अशा आवाजात म्हणाला, "त्यो चंडोल हाय. तुमी मास्तर कशाचं म्हणायचं?"

"गणिताचा."

"व्हय? मग ऱ्हाऊ द्या," असं म्हणून तो निघून गेला. तांब्या मात्र त्याने माझ्या पायात ठेवला होता, तो माझ्याच पायाने लवंडला.

तर हे तात्या इंगवले. महाद्वार रोडवरच्या एका फोटो स्टुडिओत रिटचर. चंडोल हा पक्षी आपण सगळ्यांनी पाहिलेला असतो आणि कोणाच्याच लक्षात नसतो. चिमणीपेक्षा थोडा मोठा, मातीच्या रंगाचा, डोक्यावर शेंडीसारखा तुरा. तात्यांच्या सांगण्याप्रमाणे आपल्याकडे त्याच्या दोन जाती. एक घाटाचा, म्हणजे मलकापूरच्या अंगाला डोंगरउतारावर सापडणारा. दुसरा माळाचा, म्हणजे उचगावपासून इचलकरंजीकडे उघड्या रानात फिरणारा. घाटाचा अंगाने जरा थोराड, चोच लांब, छातीवर काळ्या रेघा ठसठशीत आणि पोट पांढुरकं. माळाचा लहानखुरा, रेघा मोजक्या, पोट तांबूस. आणि परमेश्वराने आमचं कोल्हापूर नेमकं दोघांच्या मधे वसवलेलं. इथे दिसणारा चंडोल कुठला, हे तो चंडोलही सांगू शकला नसता.

तात्यांकडे एक डबा कॅमेरा होता. त्यात तीस पावलांवरचा बैल मांजराएवढा दिसायचा, मग पाखराचं काय विचारता? आणि फोटो काळा-पांढरा. तांबूस पोटही करडं, पांढुरकं पोटही करडं. असे शे-दीडशे फोटो त्यांनी पत्र्याच्या पेटीत जपून ठेवले होते. प्रत्येकाच्या पाठीवर बारीक टोकाच्या पेन्सिलीने गाव आणि तारीख लिहिलेली, आणि खाली एकच शेरा: खात्री न्हाय.

हा शेरा म्हणजे तात्यांचं पालुपदच होतं. दूध आलं का? आलं आसंल, खात्री न्हाय. आज एकादशी आहे ना? पंचांगात हाय, पर खात्री न्हाय. एकदा मी रागाने विचारलं, "तात्या, तुमचं नाव तरी इंगवले आहे ना?" तर ते गंभीरपणे म्हणाले, "लोक म्हणत्यात."

मी पडलो गणिताचा माणूस. उत्तर बरोबर असतं नाहीतर चूक असतं. 'खात्री नाही' लिहिणाऱ्या पोराला मी आयुष्यभर शून्य मार्क देत आलो. असल्या माणसाचं दार माझ्या दारासमोर असावं हा माझ्या नशिबाचाच भाग. रोज संध्याकाळी शाळेतून यावं, चहाचा कप तोंडाला लावावा, की हे फोटो घेऊन हजर. "वाईच चोच बगा मास्तर. डोस्क्याच्या निम्मी हाय का निम्म्याहून जास्ती?" चोच कुठे आहे हेच मला दिसत नसे. सुटका व्हावी म्हणून मी ठोकून द्यायचो, "घाटाचा." तात्या मान हलवायचे. "मास्तर, तुमास्नी घाई लई. बगत न्हाईसा तुमी."

गल्लीत सगळ्यांनीच असे सुटकेचे उपाय शोधले होते. एकदा एका लग्नात मंगलाष्टकं चालू असताना तात्यांनी शेजारी उभ्या असलेल्या नवऱ्याच्या मामाला फोटो दाखवला. त्या भल्या माणसाला वाटलं, स्थळाचा फोटो आहे. त्याने विचारलं, "मुलगा काय करतो?" तालमीजवळच्या दुधाच्या कट्ट्यावर एका पैलवानाने तर हद्दच केली. म्हशीच्या धारेचा पेला एका दमात संपवला, मिशीचा फेस पुसला, फोटो उलटासुलटा बघितला आणि म्हणाला, "तळल्यावर काय फरक पडतोय वो, तात्या?" त्या दिवसापासून तात्यांनी तो कट्टा सोडला. पुढे दुधासाठी ते अर्धा मैल लांब जायचे.

आता गंमत अशी, की हाच माणूस धंद्यात लोकांना खात्री विकत होता. रिटचर म्हणजे काय, तर फोटोच्या काचेवर सुईसारखी पेन्सिल घेऊन बसायचं आणि देवाने केलेल्या चुका दुरुस्त करायच्या. देवीचे वण पुसायचे, सुरकुत्या घालवायच्या, मिटलेला डोळा उघडायचा. त्यातही मेलेल्या माणसांचं काम तात्यांकडे फार. वडील वारले, फोटो एकच आणि तोही कुणाच्या तरी वरातीतला, त्यात वडिलांचं डोकं तिळाएवढं. असा फोटो घेऊन लोक यायचे. तात्या त्या तिळाचा हातभर मोठा चेहरा करून द्यायचे. एकदा राधानगरीकडचं एक कुटुंब असा फोटो न्यायला आलं. फोटोवरचा कागद काढताच म्हातारी हंबरडा फोडून रडली. "हुबेहूब! आता बोलत्याल आसं वाटतंय!"

ती मंडळी गेल्यावर तात्या मला म्हणाले, "मी काय बगितलंय व्हय त्या मानसाला? कान माज्या मामाचं घातल्यात. नाक इसाव्या नंबरच्या गिऱ्हाइकाचं."

"मग रडली कशी ती?"

"तिला रडायचंच हुतं की. चेहऱ्याचं निमित्त."

चंडोलाचा नाद कुठून लागला, तेही त्यांनीच सांगितलं. सहा-सात वर्षांपूर्वी पुण्याचे एक प्रोफेसर पक्षी बघत हिंडत कोल्हापुरात आले होते. त्यांनी काढलेले फोटो धुवायला स्टुडिओत टाकले. काम तात्यांकडे आलं. काचेवर एक पाखरू होतं आणि त्याच्या छातीवर ठिपके आणि रेघा होत्या. तात्यांनी हयातभर एकच केलं होतं. ते पेन्सिल घेऊन बसले आणि देवीचे वण पुसावेत तशी पाखराची छाती साफ करून दिली. वर, डोळ्यात एक पांढरा ठिपका देऊन पाखरू जरा तरतरीतही केलं.

प्रोफेसर फोटो बघून स्टुडिओतच मटकन खाली बसले. "अहो, ती त्याची ओळख होती! त्या रेघांवरून मी सांगणार होतो तो कुठला ते. तुम्ही ओळखच पुसून टाकलीत!"

हे सांगताना तात्यांचा आवाज बारीक व्हायचा. प्रोफेसर बिचारे भले गृहस्थ. चहा घेतल्यावर निवळले. मग त्यांनीच दोन चंडोलांमधला फरक समजावून सांगितला आणि उठता उठता म्हणाले, "नजर तयार झाली ना इंगवले, की कितीही अंधुक फोटो असो, ओळखता येतं."

ते वाक्य तात्यांनी गाठीला बांधलं. पुढच्याच रविवारी त्यांनी डबा कॅमेरा आणला. तेव्हापासून त्यांचा एकही रविवार घरी गेला नाही. माळावर जायचं, फोटो काढायचा, धुवायचा आणि नजर तयार करत बसायचं.

त्यांच्या नादाला लागून मीही एकदा गेलो. पहाटे सायकलवर ते पुढे, मी मागे कॅरियरवर. उचगावच्या पुढे माळ लागला तशी त्यांनी सायकल बाभळीला टेकवली, कोट काढून माझ्या हातात दिला आणि धोतराचा काचा मारून पोटावर सरपटायला लागले. पन्नाशीचा माणूस! डोक्यावर टोपी तशीच. मी कोट धरून उभा. तेवढ्यात पाटी घेऊन एक बाई आडवाटेने चालली होती. तात्यांना तसं जमिनीला चिकटलेलं बघून थांबली. "काय वो पावणं, काय हरवलंय व्हय?"

"व्हय," तात्या वर न बघता म्हणाले.

बाईने पाटी खाली ठेवली आणि तीही घटकाभर इकडेतिकडे शोधू लागली. तिला काय शोधायचं ते माहीत नव्हतं, मलाही नव्हतं.

तेवढ्यात चंडोल उडाला. सरळ वर गेला आणि गायला लागला. आधी टिटवीसारखा ओरडला, मग घारीची शीळ घातली, मग आणखी कोणाकोणाचे आवाज काढले. मला मौज वाटली. तात्या अंगावरची माती न झाडता तसेच बसून राहिले. "बगा," ते म्हणाले, "दुसऱ्याची गानी म्हणतंय. सवताचं नाव काय ते सांगत न्हाई." त्यांच्या डोळ्यात पाणी होतं. मला वाटलं, माती गेली असेल. त्या दिवशीचा फोटो धुऊन आला तेव्हा त्यात एक ढेकूळ होतं आणि माझ्या बुटाचं टोक होतं.

तात्यांच्या घरात एक गोष्ट मला पहिल्यापासून खटकायची. फोटोवाल्याचं घर, पण भिंतीवर फोटो एकही नाही. देवघराच्या बाजूच्या भिंतीत एक खिळा मात्र होता, रिकामा. तात्यांच्या बायकोला सगळी गल्ली काकी म्हणायची. काकी रोज सकाळी देवपूजा झाली की एक फूल त्या खिळ्यावर खोचायच्या. मी एकदा विचारलं तर तात्या म्हणाले, "फोटो यायचा हाय." कुठून यायचा, कधी यायचा, हे काही बोलले नाहीत. मी म्हटलं, वेड्याच्या घरचा खिळा, कोण विचारत बसणार?

त्या वर्षी दिवाळीनंतर त्यांची मुलगी इंदू इचलकरंजीहून पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. नवरा मागावर कामाला, मुलगी हसतमुख. ती आली आणि आठच दिवसांत समोरच्या घरातून भांडणाचे आवाज येऊ लागले. तात्या भांडणारे नव्हेत. काकीही नव्हेत. एका दुपारी काकी आमच्याकडे आल्या, पदराला हात पुसत उंबऱ्यावर बसल्या आणि मला म्हणाल्या, "मास्तर, हे तुमचं ऐकत्यात. तुमी सांगा की ह्यास्नी. पोरीचा फोटो भिंतीला लावा म्हणावं. मार्गशिरात तिची तिथ हाय. मी आणि किती दीस त्या खिळ्याला फूल वाहू?"

मग त्यांनी सांगितलं ते असं. इंदूच्या पाठची त्यांना शकू नावाची मुलगी होती. दोघींमधे वर्षाचं अंतर, पण अंगाबांध्याने सारख्या. सहा आणि पाच वर्षांच्या असताना दोघींना खरूज झाली म्हणून दोघींचे केस बारीक कापले होते आणि एकाच ताग्यातली दोन झबली शिवली होती. येणारे-जाणारे नेहमी चुकायचे. त्या दिवसांत एकदा काकी दोघींना घेऊन स्टुडिओत गेल्या. तात्यांकडे दोन काचा शिल्लक होत्या. एकीवर त्यांनी थोरलीचा फोटो घेतला, एकीवर धाकटीचा. धुताना एक काच फुटली. उरलेल्या काचेवरची पोर हलली होती, चेहरा पुसट आलेला. कुठली काच फुटली हे बघायचं तेव्हा कोणालाच सुचलं नाही. दोन्ही पोरी अंगणात खेळत होत्या, फोटो परत कधीही काढता आला असता. त्यानंतर चारच महिन्यांनी शकू विषमज्वराने गेली.

"ती शकूच हाय," काकी म्हणाल्या. "आईला कळत न्हाय व्हय? पर हे म्हणत्यात, खात्री न्हाय. सोळा वर्सं झाली."

माझ्या डोक्यात तेव्हा कुठे प्रकाश पडला, आणि पडला तो फार उशिरा पडला. ते ढेकळांचे शे-दीडशे फोटो माझ्या डोळ्यांसमोर उभे राहिले. चहा गार होतो म्हणून मी ठोकून दिलेली उत्तरं आठवली. मला माझीच शरम वाटली.

संध्याकाळी मी तात्यांना गाठलं. ते पायरीवर बसले होते. मी काही विचारायच्या आतच म्हणाले, "हिनं सांगितलं जनू."

"मग लावा की फोटो, तात्या. काकींचं समाधान."

"आनि त्यो इंदीचा असला तर?" ते एकदम माझ्याकडे वळले. "जित्या मानसाच्या फोटुला हार घालायचा? कुंकू लावायचं? दोन जिवाची पोर हाय माजी, आत निजलीया. तिला काय झालं म्हंजे? आनि शकीचा असला, तर सोळा वर्सं लेकराला ट्रंकंत डांबून ठेवलंय मी. ना दिवा, ना फूल. सांगा तुमी, काय करू?"

गणितात असलं काही नसतं.

"चेहरा बघून तुम्हाला काहीच..." मी चाचरत म्हणालो.

"चेहरा?" तात्या हसले. ते हसणं मला आजही नको वाटतं. "चेहरा कुटं हाय त्येच्यावर? काच पुसट हुती. मी रिटचर. बसलो पेन्सिल घिऊन. डोळं केलं, नाक केलं, व्हट केलं. झकास करून दिलं. लेकराचा चेहरा मीच पुसला, मास्तर. हाय त्यो माज्या हातचा हाय. त्यो इंदीचा बी न्हाय आनि शकीचा बी न्हाय."

मग चष्मा धोतराला पुसत म्हणाले, "पर प्रोफेसर म्हणालं हुतं, नजर तयार झाली की कळतं. पेन्सिलीच्या खालचं बी कळंल. आता त्येस्नी पत्र घातलंय. चार फोटो लावून दिल्यात. त्येस्नी ते चार वळखता आलं, तर मंग मी आपला पोरीचा फोटो घिऊन पुन्याला जातो."

महिनाभर तात्या पोस्टमनची वाट बघत होते. पोस्टमन गल्लीच्या तोंडाशी दिसला की हे कामावरची टोपी घालायचं विसरून उभे. मीही, कधी देवाला हात न जोडणारा माणूस, सकाळी मनातल्या मनात म्हणायचो, त्या प्रोफेसराला चार पाखरं ओळखू येऊ देत. मार्गशीर्ष लागला. तिथीला पाच दिवस राहिले असताना कार्ड आलं. तात्यांनी ते माझ्याकडे आणून दिलं. "वाचा. माजा चष्मा घरात ऱ्हायला." चष्मा त्यांच्या कपाळावर होता.

मी वाचलं. प्रोफेसरांनी सौजन्याने लिहिलं होतं. आपण पाठवलेले फोटो पाहिले. चारांपैकी एकही निश्चित ओळखता येत नाही. त्या वेळी मी उत्साहाच्या भरात जे बोललो ते मनावर घेऊ नये. अंधुक फोटोवरून ओळखण्याचा मी स्वतः पुष्कळ प्रयत्न केला आणि पुष्कळदा चुकलो. अशा फोटोवर 'खात्री नाही' एवढंच लिहून ठेवणं प्रामाणिकपणाचं होय.

"म्हंजे त्येस्नी बी येत न्हाय," तात्या म्हणाले. कार्ड कोटाच्या खिशात घातलं. "सात वर्सं मी माळावर लोळलो." एवढंच बोलून ते गेले. त्या रविवारी सायकल दारातच उभी होती. दिवसभर ते पायरीवर बसून होते आणि कोणालाही त्यांनी काही विचारलं नाही. तो तालमीचा पैलवान जाता जाता आपण होऊन म्हणाला, "काय तात्या, घाटाचा का माळाचा?" तात्यांनी मानही वर केली नाही. पैलवान बिचारा वरमून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तात्या कामावर गेल्यावर, मी शाळेला निघायच्या आत इंदू आमच्याकडे आली. अवघडलेली, भिंतीला हात लावत चालणारी. माझ्या बायकोने तिला पाट दिला. वडिलांना ती आप्पा म्हणायची. ती बसली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "काका, आप्पा तुमास्नी त्यो फोटो दावणार हायत. काल रातच्याला आईला म्हणत हुतं, मास्तरांची नजर कोरी हाय, त्येस्नीच इचारतो. तुमी शकीचाच म्हणून सांगा."

"पण मला कसं कळणार तो कोणाचा ते?"

"मला ठावं हाय की." ती अगदी सहज म्हणाली. "माजा हाय त्यो. स्टुडिओच्या अंगणात माज्या पायात काटा मोडला हुता. मी पाय टेकीना. आप्पा म्हणालं हलू नगंस, पर कळ आली आनि मी हलले. समदं आठवतंय मला."

मी विचारलं, "मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"शकी गेली त्या दिशी आईनं त्यो फोटो उराशी धरला. शकू, शकू करत रडली. म्या कसं सांगू? आईकडं शकीचं दुसरं काय हाय? झबलं बी जाळलं."

"अगं, पण हार घालतील त्याला. तुझ्या फोटोला. आणि तू अशी..."

"घालू द्यात की," इंदू म्हणाली. "मला काय हुतंय? आईचं समाधान हुईल, आप्पा बी सुटतील." असं म्हणून तिने पोटावरचा पदर सारखा केला आणि उठली. माझी बायको आत जाऊन रडत बसली.

त्याच संध्याकाळी तात्या आले. हातात धुतलेल्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेला फोटो. त्यांच्या मागे काकी आमच्या उंबऱ्यापर्यंत आल्या आणि तिथेच थांबल्या. इंदू समोर आपल्या दारात उभी होती. तात्यांनी फडकं सोडलं आणि पहिल्या दिवशी दिला होता तसाच फोटो माझ्या हातात दिला.

"मास्तर, थोरली का धाकटी?"

मी बघितलं. या वेळी मात्र बघितलं. झबलं घातलेली, केस कापलेली एक पोर. चेहरा देखणा, गोल, बाहुलीसारखा, आणि त्या चेहऱ्यात जीव नव्हता. तात्यांची पेन्सिल तेवढी होती. मग माझी नजर खाली गेली. पोर एका पायावर उभी होती. डावी टाच उचललेली, अंगठा तेवढा मातीला टेकलेला. सोळा वर्षं या माणसाने हा फोटो भिंगातून बघितला असेल. पण रिटचर तो. चेहऱ्याखाली कधी उतरलाच नाही.

धाकटी म्हणावं, तर तीन दिवसांनी त्या दारात उभ्या असलेल्या पोरीच्या फोटोला हार पडणार. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही, आणि तरी माझी जीभ उचलेना. थोरली म्हणावं, तर काकींची धाकटी आज, माझ्या उंबऱ्यावर, दुसऱ्यांदा जाणार. काकी माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

मी अंगठा पुढे सरकवला आणि फोटोतल्या त्या उचललेल्या पायावर ठेवला. फोटो डोळ्यांजवळ नेला, दूर नेला, खिडकीच्या उजेडाला धरला. मग उभ्या जन्मात ज्या उत्तराला मी शून्य देत आलो ते उत्तर दिलं.

"खात्री नाही, तात्या."

काकींनी पदर तोंडाला लावला. तात्यांनी हात पुढे केला. अंगठा पायावर तसाच ठेवून मी फोटो त्यांच्या हातात दिला.

"आता तुमास्नी बगाया याय लागलं, मास्तर," ते म्हणाले. मग काकींकडे वळून, फार हळू आवाजात म्हणाले, "खात्री न्हाय म्हंजे निम्मी तरी तिची हाय की गं. ऱ्हाऊ दे तशीच."

तिथीच्या दिवशी तो फोटो भिंतीवर चढला. हार नाही, कुंकू नाही. फूल काकींनी रोजच्यासारखं वर खिळ्यालाच खोचलं. जेवायला मला बोलावलं होतं. तात्या पुरणपोळी वाढत होते, इंदू भिंतीला टेकून बसली होती आणि मी मान खाली घालून जेवत होतो. वर बघितलं असतं, तर ती टाच दिसली असती.